क्षेत्र राखणे : दोडामार्गाकडील शेतजमिनीविषयी एक पाठ



‘क्षेत्र’ हा शब्द आपणां वारकऱ्यांच्या तोंडी नित्य आहे. क्षेत्र पंढरपूर, क्षेत्र आळंदी, क्षेत्र देहू असे आपण म्हणतो आणि तेथली माती कपाळाला लावतो. पण ह्या शब्दाचा मूळचा, अगदी रोकडा अर्थ शेत असा आहे, हे बोलताना आपल्या ध्यानी राहत नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी शरीराला क्षेत्र म्हटले आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ म्हटले, तेव्हा दृष्टांत घेतला तो शेताचाच. त्या अध्यायावर निरूपण करताना ज्ञानेश्वर माउलींनी तर एक मोठी मौज केली आहे. हे शेत नक्की कोणाचे, असा प्रश्न उभा करून निरनिराळ्या मतांची मंडळी आपापला दावा कसा सांगतात, ते त्यांनी वहिवाटीच्या भाषेत मांडले. एक पक्ष म्हणतो, शेत जीवाचे, आणि प्राण हे त्यावरचे कूळ. दुसरा पक्ष उठतो आणि ते खोडून काढतो. वाचताना असे वाटते की आपण चावडीवर बसून जमिनीचा तंटा ऐकत आहोत.

तलाठ्याच्या दप्तरातही तोच शब्द आहे. सातबाऱ्याचा उतारा काढून पाहा. जमिनीचे माप जेथे हेक्टर आणि आर मध्ये लिहिलेले असते, त्या रकान्याचे नाव ‘क्षेत्र’. पंढरीच्या क्षेत्राविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. ह्या महिन्याच्या पाठात ह्या दुसऱ्या क्षेत्राचा, सातबाऱ्यावरच्या क्षेत्राचा, विचार करावयाचा आहे. आणि तोही मोघम नव्हे, तर सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला असलेल्या दोडामार्ग तालुक्याच्या संबंधाने. घाटावरच्या वाचकांना तो मुलूख ठाऊक नसेल, म्हणून आधी थोडे सांगतो.

दोडामार्ग हा पूर्वी सावंतवाडी तालुक्याचाच भाग होता. सन १९९९ मध्ये त्याचा वेगळा तालुका झाला. एका अंगाला गोवा, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीचा कडा आणि कड्यापलीकडे कर्नाटक. मधून तिलारी नदी वाहते. पाऊस अमाप. खाली नदी-ओहोळाच्या काठी भाताचे मळे, जेथे पाणी टिकते तेथे पावसाळी भातानंतर वायंगणाचे दुसरे पीक, घराच्या मागे माड-पोफळीची बागायत, पोफळीवर चढवलेली मिरी आणि पानवेल, वर भरडावर काजू, आणि त्याच्याही वर रान. डोंगरातला झरा पाटाने बागेत आणायचा, बागेतून मळ्यात सोडायचा, मळ्यातून ओहोळाला परत द्यायचा, अशी तिकडची जुनी रीत. ह्या रीतीत एक गोष्ट अशी आहे की वरच्या शेतकऱ्याने रान राखले तरच खालच्याच्या बागेला पाणी. एकाचे शेत दुसऱ्याच्या शेतावाचून उभे राहत नाही. देशावर विहिरीचा धनी स्वतंत्र असतो, त्याला हे एकदम समजावयाचे नाही.

आपल्या वारीचाही ह्या शेतीशी संबंध आहे. देशावरचा शेतकरी मृगावर पेरणी उरकून आषाढीला निघतो. कोकणात आषाढ म्हणजे ऐन लावणी. तरवा काढायचा, चिखल करायचा, गुडघाभर पाण्यात वाकून दिवस काढायचा. तेव्हा त्या दिवसांत घर सोडून कोण निघेल? म्हणून कोकणची मंडळी कार्तिकीला अधिक येतात. भात कापून, झोडून, कणगीत पडले की मग पाय पंढरीकडे वळतात. कोणी आळसाने आषाढी सोडली असे नव्हे. शेताने वारीचा महिना ठरवून दिला. ज्याचे शेत गेले त्याला सगळे महिने सारखेच.

हे शेत जाते कसे, ते आता पाहू.

पहिला मार्ग पाण्याचा. तिलारी नदीवर महाराष्ट्र आणि गोवा ह्या दोन राज्यांनी मिळून मोठे धरण बांधले. त्याचा करार सन १९९० मध्ये झाला. खर्चाचा सुमारे पाऊण हिस्सा गोव्याचा, आणि पाण्याचाही मोठा वाटा गोव्याकडे जातो. पण धरणाखाली जी गावे गेली, ती दोडामार्गातली. आयनोडे, सरगवे, पाट्ये, शिरंगे, केंद्रे बुद्रुक, केंद्रे खुर्द ही नावे आता धरणाच्या कागदपत्रांत आणि माणसांच्या आठवणीत आहेत. धरण वाईट असे आम्ही म्हणत नाही. पेडणे, डिचोली, बारदेश येथील नळाला आणि शेताला त्याचे पाणी मिळते, आणि तहानेल्याला पाणी देणे हे पुण्याचेच काम होय. पण ज्यांनी कुळागरे पाण्याखाली दिली, त्यांच्या पुनर्वसनाचा आणि नोकरीचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे आंदोलनांतून मागावा लागला, हेही खरे आहे. पोफळीची बाग एका पिढीत उभी राहत नाही. पैसे एका दिवसात मोजून मिळतात आणि तितक्याच लवकर सरतात. ह्या दोन काळांचा मेळ कोणत्याही सरकारी तक्त्यात बसत नाही.

दुसरा मार्ग खाणीचा. कळणे गावी लोहखनिजाची खाण निघाली, तेव्हा गावातल्या पुष्कळ लोकांनी विरोध केला होता. पुढे ता. २९ जुलै २०२१ रोजी, भर पावसात, त्या खाणीचा बांध फुटला आणि खाणीत साठलेले पाणी चिखलासकट गावात शिरले. बागायतीत लाल गाळ बसला, भातशेती त्याखाली गेली, घरांतूनही पाणी आले. शेतात नदीचा गाळ आला तर शेतकरी त्याला नमस्कार करतो, कारण तो कसदार असतो. खाणीचा गाळ तसा नसतो. तो सुकला की घट्ट होतो, त्यात मूळ धरत नाही. ज्याने आपली जमीन खाणीला विकलीच नव्हती, त्याच्या शेतात हा गाळ आला, हे विशेष लक्षात ठेवावे. वर सांगितले ना, तिकडे एकाचे शेत दुसऱ्याच्या शेताला बांधलेले आहे. तेव्हा ‘मी माझी जमीन विकली, तुझे काय गेले?’ हा प्रश्न दोडामार्गात विचारताच येत नाही.

ह्या बाबतीत सरकारदरबारी काहीच झाले नाही असेही नाही. माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सन २०११ मध्ये पश्चिम घाटाविषयी आपला अहवाल दिला. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी ह्या जिल्ह्यांचा विचार करण्याचे काम त्या समितीकडे मुद्दाम सोपवले होते. सन २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोडामार्ग तालुक्यात वृक्षतोडीला बंदी केली. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील २५ गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्यासाठी मसुदा काढावा, असे केंद्र सरकारला फर्मावले. येथेही शब्द ‘क्षेत्र’च आला! गावोगाव अशी आवई उठली होती की असे क्षेत्र झाले की आपल्याला भात लावता येणार नाही, घरावर कौल घालता येणार नाही. पश्चिम घाटासाठी केंद्र सरकारने जे मसुदे काढले ते वाचून पाहिले तर असे दिसते की बंदी आहे ती खाण, दगड-वाळूचा उपसा, अति प्रदूषण करणारे कारखाने आणि प्रचंड बांधकामे ह्यांना. चालू शेतीला आणि जमिनीच्या मालकीला त्यात हात लावलेला नाही. आवई कोण उठवतो आणि तिच्यात कोणाचा लाभ असतो, हे वाचकांनीच ताडावे.

पण माझ्या मते खरा धोका ह्या दोन्ही मार्गांत नाही. धरण आणि खाण दिसतात. त्यांच्याविरुद्ध सभा होते, मोर्चा निघतो, वर्तमानपत्रात छापून येते. तिसरा मार्ग आवाज करीत नाही. तो सहीचा मार्ग.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दोडामार्गात डोंगरच्या डोंगर विकले गेले. दक्षिणेकडून, मुख्यतः केरळातून, लोक आले. त्यांनी भरड आणि रान विकत घेतले, मिश्र झाडी तोडून एकसुरी रबर लावले, कोठे अननस लावला. ते कष्टाळू लोक आहेत, आणि जमीन त्यांनी चोरली नाही. आपण विकली म्हणून त्यांनी घेतली. शेजारी गोव्यात मोप येथील विमानतळ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला, तेव्हापासून तर दोडामार्गच्या सड्यावरच्या कातळालाही भाव आला आहे. आता गिऱ्हाईक शेतकरी नसते. त्याला नदीकडे तोंड करून बंगला बांधायचा असतो, किंवा नुसती जमीन घेऊन, कुंपण घालून, भाव चढण्याची वाट पाहायची असते. कुंपण पडले की पहिली अडते ती गुरांची वाट, मग पाणंद, मग पाट.

आता हे विकणारे कोण? बहुतेक ठिकाणी विकणारा गावात राहत नाही. कोकणातला सातबारा म्हणजे एक मोठे कुटुंबच असते. पणजोबांच्या नावावरची जमीन, वारस लागत लागत वीस, तीस, कधी पन्नास नावे. त्यांतले चार गावात, बाकीचे मुंबईत, पुण्यात, कोणी गोव्यात कामाला, लेकी सासरी. जमीन कसतो एक. हक्क असतो पन्नासांचा. दलाल हे बरोबर जाणतो. तो कसणाऱ्याकडे जात नाही. तो परळला किंवा विरारला चाकरमान्याच्या घरी जातो, पेढ्याचा पुडा ठेवतो आणि म्हणतो, “तुमचा वाटा नुसता पडून आहे.” दोन लाख, चार लाख, मुलाचे शिक्षण, खोलीचा हप्ता. सही होते. अशा दहा सह्या जमल्या की तो गावात येतो आणि उरलेल्यांना सांगतो की आता तुम्हीही द्या, नाहीतर कोर्टात फिरत राहाल.

एका गावी भजनी सप्ताहाच्या रात्री, पहारा बदलत असताना, देवळाच्या पायरीवर मुंबईहून आलेला पुतण्या आणि त्याची काकी बोलत होती. पुतण्या म्हणाला, “काकी, जमीन पडानच आसा मगे. पैशे येतत ते घेवया.” काकी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पडान आसा म्हणान ती कोणाचीच नाय जाता काय रे बाबू? तुझी आजी ह्याच कोपऱ्यात तरवो काढी. आणि तुझो वाटो तू इकलंस, तर माझ्या वाट्याक जावक वाट खयची?” ह्या प्रश्नाला पुतण्याजवळ उत्तर नव्हते. शहाण्या वकिलाजवळही पटकन नसते.

येथे आपल्या संप्रदायातली एक गोष्ट आठवते. तुकोबारायांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, हे आपण कीर्तनातून शेकडो वेळा ऐकतो आणि वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगतो. पण त्या कथेतला एक तपशील कीर्तनकार घाईत सोडून देतात. खते बुडवण्यापूर्वी त्यांची वाटणी झाली. धाकटे बंधू कान्होबा ह्यांचा अर्धा हिस्सा त्यांना वेगळा काढून दिला, आणि मग तुकोबांनी आपल्या वाट्याची खते तेवढी पाण्यात सोडली. सर्वसंगपरित्याग करणारा महापुरुष, तरी भावाच्या कागदाला त्यांनी हात लावला नाही. आपले सोडायचे असेल तर आधी आपले कोणते आणि भावाचे कोणते हे ठरले पाहिजे. जेथे तुकोबांना त्यागासाठीसुद्धा वाटणी आवश्यक वाटली, तेथे आपण विक्रीसाठी ती आवश्यक मानत नाही! सामाईक सातबाऱ्यावर बसून ‘माझा वाटा विकला’ म्हणणारा मनुष्य प्रत्यक्षात सर्वांचीच शांती विकत असतो.

ह्या ठिकाणी थोडा कायदा सांगणे अवश्य आहे. आमच्या काही वाचकांना हा विषय रुक्ष वाटेल. पण ज्याचे शेत अडकले आहे त्याला तो वाटणार नाही.

सामाईक जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा विकण्याचा हक्क हिस्सेदाराला असतो, हे खरे. पण विकत घेणाऱ्याला त्यामुळे अमुकच तुकडा मिळत नाही. त्याला वाटप करून घ्यावे लागते, आणि वाटप होईपर्यंत तो कुंपण घालू लागला तर बाकीचे हिस्सेदार त्याला अडवू शकतात. पुष्कळ गावांत कुंपण आधी पडते आणि कायदा मागून कळतो.

दुसरी गोष्ट, वडील मृत्युपत्र न करता वारले आणि जमीन मुलांकडे वारसाने आली, अशा वेळी त्यांतील एकाने आपला हिस्सा विकायला काढला तर तो आधी विकत घेण्याचा हक्क बाकीच्या वारसांना आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ ह्याच्या २२ व्या कलमात तो सांगितला आहे, आणि हे कलम शेतजमिनीलाही लागू आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सन २०१९ मध्ये दिला. किंमत आपसात ठरली नाही तर न्यायालय ठरवते. म्हणजे मुंबईच्या भावाला पैशाची खरीच गरज असेल तर गावच्या भावाने, शक्य असल्यास दोघाचौघांनी मिळून, तो हिस्सा घ्यावा. हा हक्क आहे हेच आपल्याकडे दहांत नऊ लोकांना ठाऊक नाही. आणि येथे ‘वारस’ म्हणताना लेकींना विसरू नये. सन २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीला चोळी-बांगडी देऊन हक्कसोडीवर अंगठा घेणारे भाऊच पुढे दलालाला अंगठा देतात, असे पाहण्यात आले आहे. आणि ज्या बहिणीने जमिनीत आपले नाव राखले तिनेच विक्री अडवली, असेही पाहण्यात आले आहे.

तिसरे, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेण्यास कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाने मज्जाव आहे; परवानगी लागते. परंतु कायदा खरेदीदार शेतकरी आहे की नाही एवढेच पाहतो. तो तुमच्या मळ्यात भात लावणार की डोंगर पोखरणार, हे पाहणे कायद्याचे काम नव्हे, गावाचे आहे. खरेदीखत झाले की तलाठी फेरफाराची नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो आणि हरकतीला पंधरा दिवस देतो. ती नोटीस चावडीच्या फळ्यावर लागते. देवळात जाताना चावडीवरून जाण्याचा नेम जर गावातल्या दोन जाणत्या माणसांनी ठेवला, तर पुष्कळ अनर्थ टळतील. कुलमुखत्यारपत्र हा चौथा विषय. मुंबईचा मनुष्य येण्याजाण्याचा त्रास नको म्हणून एकाला मुखत्यार करतो आणि विसरून जातो. असे पत्र रद्द करता येते, मात्र रीतसर नोंदवून करावे. आणि पैसे घेऊन लिहून दिलेले असेल तर ते सहजी रद्द होत नाही. म्हणून लिहून देण्यापूर्वीच विचार करावा.

आता रस्त्याविषयी. हा विषय आम्हां वारकऱ्यांच्या अगदी जवळचा आहे, म्हणून टाळून चालणार नाही. नागपूर ते गोवा असा शक्तिपीठ महामार्ग सरकारने योजला. मूळ आखणीप्रमाणे वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटर, १२ जिल्ह्यांतून. पंढरपूरसह पुष्कळ देवस्थाने त्याने जोडली जातील, भाविकांची सोय होईल, असे सांगण्यात आले. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याच्या आखणीला आणि भूसंपादनासाठी २० हजार कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली. कोल्हापूर, सांगलीपासून सिंधुदुर्गापर्यंत शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि आखणीत फेरबदलाच्या गोष्टीही झाल्या. ह्या वादात कोणाची बाजू राजकारणाने किती बळावली, त्यात आम्ही पडत नाही. पण एक प्रश्न विचारण्याचा हक्क आम्हांला आहे, कारण रस्ता आमच्या नावाने होत आहे. आमची सोय म्हणजे काय? पायी चालणाऱ्याला रस्त्याच्या कडेला सावली, पाणी, मुक्कामाला पडवी, आणि त्या पडवीत भाकरी वाढणारे शेतकऱ्याचे घर लागते. ते घर राहावे म्हणून रस्त्याने थोडे वळण घेतले तर आमची काही हरकत नाही. आम्ही आजवर वळणांनीच चालत आलो.

जेथे सरकार जमीन घेते तेथे कोणत्या कायद्याखाली घेते ते नोटिशीत आधी पाहावे. सन २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला साठ दिवस मिळतात. महामार्गाच्या कायद्यांखाली मुदत त्याहून पुष्कळ कमी असते. नोटीस देव्हाऱ्यामागे ठेवून ‘पांडुरंग बघून घेईल’ म्हणणारे लोक आम्हांला ठाऊक आहेत. हरकत लेखी द्यावी, सर्वे नंबर घालून द्यावी, पोच घ्यावी. ग्रामसभेत तोंडी आरडाओरडा पुष्कळ होतो; ठरावाच्या वहीत लिहिले गेले की नाही, आणि काय लिहिले गेले, ते सभा संपण्यापूर्वी वाचून घ्यावे.

आता उलट बाजूने कोणी म्हणेल, आणि दोडामार्गचे तरुण म्हणतातच, की महाराज, शेती राखा हे सांगणे सोपे. शेतीत मिळते काय? हा आक्षेप खोटा नाही. सन २००२ पासून कर्नाटकातून रानटी हत्ती तिलारीच्या खोऱ्यात उतरू लागले. एका रात्रीत माडाची आणि केळीची बाग आडवी करतात. माकडे काजूचे बोंड राहू देत नाहीत. लावणीला माणूस मिळत नाही, कारण तरणी पोरे पहाटेच दुचाकीवर गोव्याच्या कारखान्यात जातात. मोठे दुखणे आले तर बांबोळीचे इस्पितळ, तेही गोव्यात. आडाळी येथे औद्योगिक वसाहतीला जमीन घेतली गेली तेव्हा पुष्कळांना घराजवळ काम मिळेल अशी आशा वाटली, ती आशा चुकीची नव्हती. भुकेल्याला निरूपण सांगू नये. तेव्हा कारखाना नकोच, रस्ता नकोच, असे ह्या पाठाचे म्हणणे नाही. कातळावर कारखाना आणि मळ्यात भात, असे दोन्ही नांदू शकते. मळ्यात भराव घालून मग कातळाकडे पाहत बसणे, ह्याला आमचा विरोध आहे.

शिवाय शेती अगदीच परवडत नाही, हेही तपासून पाहण्यासारखे आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ह्या काजूच्या जातींची कलमे आहेत. पोफळीत मिरी, मिरीखाली हळद-आले, असे एकाच पाण्यावर तीन थर घेणारी घरे त्या तालुक्यात आजही आहेत आणि ती कर्जबाजारी नाहीत. पडीक पडते ती बहुतेक वेळा सामाईक जमीन, कारण उद्या वाटप झाले तर हा कोपरा कोणाकडे जाईल ह्या भीतीने कोणीच तेथे कलम लावीत नाही. म्हणजे जमीन विकावीशी वाटते कारण ती पडीक, आणि ती पडीक कारण वाटप नाही. हा गुंता जितका कागदाचा तितकाच मनाचा आहे.

संत सावता महाराजांचे चरित्र ह्या संदर्भात पाहावे. अरण गावचे ते माळी. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच त्यांना पांडुरंग भेटला. आजही सर्व संतांच्या पालख्या पंढरीला येतात, पण सावता महाराजांच्या भेटीला पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला जाते. कीर्तनात ह्याचा भावार्थ सांगतात तो योग्यच आहे. मी त्यात एवढीच भर घालतो की देवाला अरणात जावयाला तेथे अजून एक मळा होता. त्या काळी कोणी सावतोबांना विचारले असते, ‘हा मळा पंढरीच्या वाटेवर आहे, चांगला भाव येईल, द्या,’ तर काय झाले असते ह्याची कल्पना करून पाहावी.

वाटप करण्याची सोपी रीतही सांगून ठेवतो. सर्व हिस्सेदारांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखाली तहसीलदाराकडे अर्ज करून वाटप होते. दिवाणी दाव्याची दहा-वीस वर्षे त्याला लागत नाहीत. अडचण असते ती सर्वांना एका ठिकाणी बसवण्याची. आणि ही अडचण कोकणात वर्षातून एकदा आपोआप सुटते. चतुर्थीला मुंबईकर घरी येतो. भाऊ, पुतणे, माहेरवाशिणी एका छपराखाली असतात. पाच दिवसांच्या गणपतीत एक दुपार, आरती आणि जेवण झाल्यावर, भजनाची मंडळी येण्यापूर्वी, सातबारा आणि गावनकाशा ओटीवर पसरून बसावे. ज्याला मुळीच यायचे नाही त्याने आपला हिस्सा प्रथम घरातच विचारावा, किंमत समोर बोलावी. पाटाचे पाणी, गुरांची वाट, देवराईकडे जाणारी पाणंद ह्या वाटून घेऊ नयेत. त्या सर्वांच्या म्हणून लिहून ठेवाव्यात. घरातल्या वडील बाईमाणसांना त्या बैठकीत बसवावे, कारण कोणत्या मेरेला कोणते झाड खुणेचे आहे हे पुष्कळदा त्यांनाच सांगता येते. मात्र उतारे आणि फेरफाराच्या नकला श्रावणातच काढून ठेवाव्यात. चतुर्थीच्या सुट्टीत तलाठ्याचे दप्तर बंद असते.